पॉइंट वन

आमच्या वकिलांना मी एकदा 'थँक यू' म्हटलं, त्याचे मला ३७ डॉलर ५० सेंट पडले.

म्हटलं म्हणजे तोंडाने नव्हे. कोर्टात कागद दाखल झाल्याचं त्यांनी कळवलं होतं, मी उलट टपाली दोन शब्दांची ईमेल धाडली. आईने लावलेलं वळण. महिनाअखेर बिल आलं, त्यात एक ओळ होती: 'अशिलाची ईमेल प्राप्त झाली, वाचली, तपासली. ०.१.' 'थँक यू'मध्ये त्यांनी तपासलं काय असेल, या विचारात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. त्या संध्याकाळचं बिल लावायला मला मात्र कुणी सापडलं नाही.

हे ०.१ म्हणजे तासाचा दहावा हिस्सा, सहा मिनिटं. अमेरिकेतले बरेचसे वकील तासाच्या अशा दहा फोडी करतात. एकदा फोड कापली की ती तुमची, खा नाहीतर टाका. आमच्या वकिलांचा तास ३७५ डॉलरचा, म्हणजे फोड साडेसदतीसची. काम अर्ध्या मिनिटाचं असलं तरी फोड अख्खी. आपल्याकडे रिक्षात बसून समोरच्या गल्लीत उतरलं तरी पहिल्या दीड किलोमीटरचे पैसे द्यावेच लागतात, तसंच हे. फरक इतकाच, की रिक्षाचं मीटर आपल्या डोळ्यांसमोर असतं. वकिलाचं मीटर वकिलाच्या डोक्यात असतं आणि ते तुम्हाला महिन्याने दिसतं.

अमेरिकेत नवा आलेला माणूस दिसेल त्या किमतीचे रुपये करून पाहतो आणि हाय खातो. पंचवीस वर्षांत ती खोड जाते. माझी गेली होती. 'थँक यू'ने परत आणली. दोन शब्दांचे तीन हजारांवर रुपये! शाळेच्या हस्तलिखितात मी 'माझा आवडता ऋतू' यावर चार पानं लिहिली होती, तर बाईंनी एक पेन दिलं होतं. तेही गळकं.

गळतीवरून आठवलं. मूळ भानगड गळतीचीच होती.

आमचं घर न्यू जर्सीत, एडिसनला. घराला बेसमेंट आहे. इथल्या मराठी घरात बेसमेंट म्हणजे माळा, फक्त उलट दिशेला. तिथे गणपतीचं मखर, मुंबईच्या विमानासाठी राखून ठेवलेल्या चार अगडबंब बॅगा, ज्याच्यावर कपडे वाळतात ते ट्रेडमिल आणि अकरा वर्षांचे दिवाळी अंक असा ऐवज होता. एका पावसात हा सगळा ऐवज तीन इंच पाण्यात उभा राहिला. एका कंत्राटदाराने भिंतीकडेने नळी फिरवून, खड्डा करून, पंप बसवून ९,००० डॉलर घेतले. पुढच्या पावसात पुन्हा तीन इंच. त्याला बोलावलं. त्याने गुडघ्यावर बसून पाण्यात बोट बुडवलं आणि एखाद्या तीर्थोपाध्यायासारखं गंभीरपणे सांगितलं, "हे पाणी वेगळं आहे." आधीचं भिंतीतून येत होतं, हे जमिनीतून. भिंतीच्या पाण्याचे पैसे घेतले होते, जमिनीच्या पाण्याचे वेगळे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपल्याकडे म्हणतात. पण अपंगांच्या सोयीसाठी इथल्या कोर्टाला पायरीशेजारी उतार केलेला असतो, आणि उताराबद्दल आपल्या पूर्वजांनी काहीच सांगून ठेवलेलं नाही.

खरं तर वकिलाची गरज नव्हती. न्यू जर्सीत ५,००० डॉलरपर्यंतचे दावे स्मॉल क्लेम्समध्ये आपले आपणच लढवतात, आणि त्याच्या वरच्या पायरीला, २०,००० डॉलरपर्यंत, स्वतः उभं राहायला कुणाची आडकाठी नसते. बायकोने हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं. पण एका गुजराती मित्राने माझ्या कानात वेगळीच गोष्ट घातली. इथल्या ग्राहक फसवणुकीच्या कायद्यात नुकसानीच्या तिप्पट भरपाई मिळते, वर वकिलाची वाजवी फीसुद्धा समोरच्याकडून वसूल होते. हे खरं आहे, कायद्यात तसं आहे. नऊ त्रिक सत्तावीस. त्या रात्री मी मनातल्या मनात बेसमेंटला लाकडी फरशी घातली, होम थिएटर बसवलं आणि उरलेल्या पैशांत दोन तिकिटं काढून कोकणात जाऊन आलो.

वकिलांची पहिली अर्ध्या तासाची भेट फुकट होती. ही फुकट भेट म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम. दोन्ही बाजू गोड बोलतात, कुणी खर्चाचा विषय काढत नाही, आणि पोहे कुणी केलेत ते लग्नानंतर कळतं. त्यांनी कॉफी दिली, मुलांची चौकशी केली, 'वेगळं पाणी' ऐकून मनापासून हसले. मग करारपत्र पुढे केलं. नव्या अशिलाला फीचा दर लेखी कळवलाच पाहिजे असा न्यू जर्सीचा नियम आहे. अशिलाने तो वाचलाच पाहिजे असा नियम नाही. मी सही केली, ३,००० डॉलर अनामत भरले आणि उठताना सवयीने म्हणालो, "फोन करत राहीन."

"अवश्य करा," ते म्हणाले. किती मनापासून म्हणाले होते ते मला नंतर उमगलं.

मराठी माणूस फोनवर मुद्द्यावर यायला वेळ घेतो. आधी जेवण झालं का, मग हवा, मग तब्येत, मग तिसऱ्याच कुणाची तरी तब्येत, आणि फोन ठेवता ठेवता "हां, फोन एवढ्यासाठीच केला होता की". मी तारीख विचारायला फोन केला. वकिलांनी विचारलं, घरी सगळे कसे आहेत. आता विचारलंय तर नीट सांगावं, म्हणून मी बायकोच्या गुडघ्याबद्दल सांगितलं. एमआरआयमध्ये काय निघालं, फिजिओथेरपीने कसा फरक नाही, आणि सांगलीच्या एका वैद्यांचं तेल कसं लागू पडतंय. त्यांनी तेलाचं नावही विचारलं. बिलात आलं: 'अशिलाशी दूरध्वनीवर सविस्तर चर्चा, ०.३.' ११२ डॉलर ५० सेंट.

"हाडांच्या डॉक्टरचा को-पे चाळीस डॉलर आहे," बायको म्हणाली. "तिथे मला जाऊ नको म्हणालास. आणि माझ्या गुडघ्यावर तू वकिलाकडे ११२ डॉलर खर्च केलेस."

त्यानंतर मी बदललो. नव्वदच्या दशकातल्या एसटीडी बूथची शिस्त अंगात भिनवली. तरुण वाचकांसाठी सांगतो: काचेची खोली, आत फोन, डोक्यावर लाल आकडे धावणारं मीटर. आमचे अण्णा त्या लाल आकड्यांकडे बघत बोलायचे, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं आकड्यांशीच व्हायचं. "बरं आहे ना बरं आहे इकडे पण बरं आहे ठेवतो." पंचवीस वर्षांनी तोच सूर मला एडिसनमध्ये गवसला. चिठ्ठीवर प्रश्न लिहायचा, श्वास भरून घ्यायचा, नंबर फिरवायचा. "हॅलो तारीख कधी थँक्स बाय." एकदा तर मी ५२ सेकंदांत फोन ठेवला आणि शंभर मीटरची शर्यत जिंकल्यासारखं बायकोकडे पाहिलं. बिल आलं, ०.१. सेकंद ५२ असो की मिनिटं सहा, फोड अख्खी! म्हणजे उरलेली पाच मिनिटं आठ सेकंद माझी होती, विकत घेतलेली, आणि मी ती तशीच टाकून आलो होतो. पुढच्या वेळी मी तारीख विचारून झाल्यावर सहा मिनिटं पुरी होईपर्यंत गप्प बसून राहिलो. ते "हॅलो? हॅलो?" करत होते. पैसे माझे, शांतताही माझी. दुर्दैवाने घड्याळ चुकलं, सात मिनिटं झाली आणि ०.२ लागलं.

बिल ही वाङ्मयाची स्वतंत्र शाखा आहे, हे मला तेव्हापासून कळायला लागलं. अल्पाक्षरी, सूचक आणि वाचकाला अस्वस्थ करणारी. 'अंतर्गत विचारविनिमय, ०.५' अशी एक ओळ होती आणि तिच्याखाली पुन्हा तीच ओळ. छपाईची चूक असेल म्हणून विचारलं. चूक नव्हती. मोठे वकील आणि धाकटे वकील माझ्या बेसमेंटबद्दल एकमेकांशी अर्धा तास बोलले होते. मोठे ३७५च्या दराने बोलले, धाकटे २२५च्या दराने ऐकत होते, एकूण ३०० डॉलर. पुढे ते धाकटे नोकरी सोडून गेले. नवीन धाकट्या आल्या, त्यांनी '०.८, प्रकरणाशी परिचय' करून घेतला. १८० डॉलर. आमच्या घरी नवीन सून आली तरी घराशी परिचय करून घेण्याचे पैसे तिने सासऱ्याकडे मागितले नव्हते.

सगळ्यांत नितांतसुंदर ओळ मात्र ही: 'पत्र, दूरध्वनी, कायद्याचा अभ्यास, धोरणाचा विचार, ३.७.' यात पत्र किती, फोन किती आणि विचार किती, ते कळायला मार्ग नाही. आमच्या मेसमध्ये महिन्याचं बिल असंच यायचं, 'पोळी-भाजी वगैरे'. त्या 'वगैरे'त काय होतं ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

अशा वेळी मला अण्णांचे तासगावचे वकील आठवायचे. आमचा बांधाचा दावा चौदा वर्षं चालला. त्या वकिलांचा हिशोब तारखेवर. तारखेला उभे राहिले की इतके, कारकुनाचे इतके, कोर्ट फीचे स्टँप इतके, आणि सुगीला घरची गुळाची एक ढेप. तास हे एकक तिथे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांच्या ओसरीवर अण्णा सकाळी नऊला जाऊन बसत आणि दुपारी जेवायला घरी येत. त्यातली दहा मिनिटं बांधावर, बाकी सगळा वेळ वकीलसाहेबांचं बोलणं. त्यांनी कोणत्या जज्जांना कसं गप्प केलं, द्राक्षाचा यंदा भाव का पडला, एकेचाळीस साली त्यांच्या वडिलांनी काय केलं. एडिसनमध्ये मी बोलायचो आणि माझेच पैसे जायचे. तासगावात वकील बोलायचे आणि आम्ही फुकट ऐकायचो. ती पद्धत स्वस्त होती असं मी म्हणणार नाही. तारखेवर पैसे असले की तारखांना तोटा नसतो. चौदा वर्षांत तिकडे बांध तीन फूट सरकला आणि इकडे गुळाच्या चौदा ढेपा सरकल्या.

मुंबई हायकोर्टात तर बड्या वकिलांची फी जुन्या रिवाजाने 'जीएम'मध्ये, म्हणजे सोन्याच्या मोहरांत मोजायची पद्धत. मोहोर कुणी पाहिलेली नाही, हिशोबाला पंधरा रुपयांची धरतात. निदान शब्द तरी भारदस्त. "मोहरा मोजल्या" म्हणताना माणसाला आपण पेशवाईत लुटलो गेल्याचं समाधान मिळतं. "पॉइंट वन"मध्ये ते नाही.

हे सहा मिनिटांचं खूळ कुणाच्या डोक्यातून निघालं, ते मी एका रात्री शोधत बसलो. मला वाटलं होतं, कुणी कवडीचुंबक असेल. निघाला एक सज्जन. रेजिनाल्ड हिबर स्मिथ, हार्वर्डमधून नुकताच वकील होऊन बाहेर पडलेला तरुण. १९१४ साली तो बोस्टनच्या गरिबांना मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेत दाखल झाला. काम डोंगराएवढं आणि पैसे नाहीत, म्हणून कुठल्या प्रकरणाला किती वेळ जातो याची नोंद त्याने सुरू केली. पुढे एका फर्ममध्ये गेला, तिथे तीच शिस्त नेली. तासाचे दहा तुकडे आणि रोजची टाइमशीट, याचं श्रेय त्यालाच देतात. म्हणजे जे घड्याळ आज माझा खिसा कापतंय, ते पहिल्यांदा गरिबांच्या फुकट कामासाठी लावलं होतं. १९५८ साली अमेरिकन बार असोसिएशनने एक पुस्तिकाच काढली, 'वकील १९५८चा आणि डॉलर १९३८चा' अशा मथळ्याची. सार एवढंच, की बाकीचे धंदेवाले पुढे गेले, आपण मागे राहिलो, तेव्हा बाबांनो, वेळ लिहून ठेवत जा, वर्षाचे १,३०० तास धरा. आज मोठ्या फर्ममधल्या तरुण वकिलांकडून १,९०० ते २,००० तासांची अपेक्षा असते. वर्षाचे दिवस तितकेच राहिले आहेत, हे या संदर्भात नमूद करायला हवं.

आणि घड्याळाने सगळी बाजारपेठ काबीज केली, त्याला निमित्त झाला माझ्याच पंथाचा एक अशील. व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत गोल्डफार्ब नावाचं जोडपं घर घेत होतं. आपल्याकडे ज्याला सर्च रिपोर्ट म्हणतात, तो करायला वकील हवा होता. तेव्हा तिथल्या बार असोसिएशनचं किमान दरपत्रक असे, कुणी त्याखाली उतरत नसे. गोल्डफार्बांनी आणखी ३६ वकिलांना पत्रं घातली. १९ जणांची उत्तरं आली, सगळ्यांचा सूर एकच. कोथिंबिरीची जुडी घेताना मंडईत चार गाळे फिरणाऱ्या माणसाला हे दुःख समजेल. गोल्डफार्ब भांडत भांडत सुप्रीम कोर्टात गेले आणि १९७५ साली जिंकले. असं संगनमताने दर बांधणं बेकायदा, असा निकाल लागला. दरपत्रकं गेली, आणि घड्याळाला रान मोकळं झालं. मला या गोल्डफार्बांबद्दल नितांत आदर वाटत होता. मग ते स्वतः वकील होते असं वाचलं, आणि तो थोडा कमी झाला.

इकडे माझा दावा तडजोडीने मिटला. कंत्राटदाराने ६,००० डॉलर दिले. आमच्या तडजोडीत तिप्पट नव्हतं, आणि समोरच्याकडून वकिलाची फीही नव्हती. आमच्या वकिलांचं एकूण बिल झालं ८,२८७ डॉलर ५० सेंट. त्यातले ६,००० मी वेळोवेळी भरले होते. उरलेल्या २,२८७ डॉलर ५० सेंटसाठी फोन आला, तेव्हा मी प्रथमच एसटीडी बूथची शिस्त मोडली आणि २४ मिनिटं बोललो. आठ दिवसांनी सुधारित बिल आलं. त्यात नवी ओळ होती: 'बिलाच्या रकमेबाबत अशिलाशी चर्चा, ०.४.' आता बिल ८,४३७ डॉलर ५० सेंट झालं होतं. ते फुगलं होतं माझ्या तक्रारीने.

इथे मात्र माझ्यातला तासगावकर जागा झाला.

पुण्याच्या मेहुण्याला फोन लावला (फुकट, व्हॉट्सअॅपवर). तो म्हणाला, "दाजी, ग्राहक मंचात खेचा त्याला." म्हटलं, बाबा, आपल्या सुप्रीम कोर्टानेच मे २०२४मध्ये निकाल दिलाय, वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही. तो म्हणाला, "तुमच्या अमेरिकेत काय आहे?" अमेरिकेत १९९४ साली न्याय खात्याचा तिसऱ्या क्रमांकाचा अधिकारी राहिलेल्या वेबस्टर हबेल यांनी आधीच्या वकिलीत फुगवून बिलं लावल्याची कबुली दिली आणि ते तुरुंगात गेले. हे ऐकून मेहुण्याला अमेरिकेबद्दल आदर वाटला. मला आमच्या वकिलांना तुरुंगात वगैरे धाडायचं नव्हतं. मला माझे १५० डॉलर हवे होते, बिलावर बोलल्याचे.

न्यू जर्सीत फी लवाद समित्या असतात. ५० डॉलर भरून अर्ज करायचा. अशिलाने अर्ज केला की वकिलाला नाही म्हणता येत नाही, आणि फी वाजवी होती हे सिद्ध करायचं ओझंही वकिलावर. निकाल दोघांवर बंधनकारक. हे वाचून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. सासरच्यांकडून एवढं झुकतं माप मला लग्नातही मिळालं नव्हतं.

मग दोन महिने मी एक्सेल केलं. प्रत्येक ओळीला रंग दिला. हिरवा म्हणजे पटली, पिवळा म्हणजे शंका, लाल म्हणजे लूट. अमेरिकन बार असोसिएशनचं १९९३ सालचं एक मत हाती लागलं. एकाच सकाळी कोर्टात तीन अशिलांची कामं करून चार तास घालवले, म्हणून वकिलाचे बारा तास होत नाहीत, असा त्याचा आशय. मी ते छापून देवघराजवळ लावलं. कारण न्यू ब्रन्सविकच्या कोर्टात आमची तारीख होती, त्या दिवशी मी स्वतः मागच्या बाकावर बसलो होतो. (घरून काम करायचा दिवस होता, म्हणून जमलं.) आमचे वकील तीनदा उभे राहिले, त्यांपैकी एकदाच माझ्यासाठी. तेही पुढची तारीख घ्यायला. माझ्या बिलात जाण्यायेण्याचे आणि थांबण्याचे ३.३ तास होते.

सुनावणी एका बुधवारी दुपारी झाली. समोर तीन पंच. दोघे वकील, तिसऱ्या एक निवृत्त शिक्षिका. हे कामकाज गोपनीय असतं, म्हणून कुणाचंच नाव सांगत नाही. मी लॅपटॉप उघडून एक्सेल दाखवलं. लाल रंग बघून शिक्षिकाबाईंचे डोळे चमकले. अर्धा तास मी बोललो, आणि आयुष्यात प्रथमच वकिलांसमोर बोलताना माझे पैसे कटत नव्हते. नशा काय असते ते त्या अर्ध्या तासात कळलं.

मग आमचे वकील उठले. त्यांच्याकडे एक्सेल नव्हतं, एक जाड फाइल होती. ती माझ्या ईमेल्सची. चौसष्ट. त्यांनी एक वाचून दाखवली, रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी पाठवलेली, विषय: 'पाणी भिंतीतून की जमिनीतून: काही विचार'. तीन पानं. त्यात मी उकिडवे बसून काढलेले अकरा फोटो जोडायचं विसरलो होतो. दुसरी ईमेल, 'सॉरी, फोटो राहिले'. तिसरी, फोटोंसह. चौथी, 'फोटो क्र. ७ चुकून मुलीच्या वाढदिवसाचा गेला आहे'. "या चारांपैकी दोनच लावल्यात," वकील म्हणाले. "आणि तेलाच्या नावाबद्दल जो फोन झाला, त्यातली खरी मिनिटं तीस होती. मी अठरा लावली." मी तोंडात बोट घातलं. माणूस वाईट नव्हता. एका पंचांनी विचारलं, त्या दिवशी कोर्टात थांबलात ते ३.३ तास बाकीच्या दोन अशिलांनाही लावले का? तेव्हा मात्र त्यांनी पाण्याचा ग्लास मागितला. 'वेगळं पाणी', मी मनात म्हटलं.

शेवटी शिक्षिकाबाईंनी माझ्याकडे वळून सहज विचारलं, "तुम्ही काय करता?"

"आयटी कन्सल्टंट आहे."

"पगारी?"

"नाही. तासावर."

खोलीत थोडी शांतता झाली. बहुधा ०.१.

"मग तुम्ही वेळ कसा लिहिता? सहा मिनिटांचे तुकडे?"

"नाही," मी म्हणालो. "रोजचे आठ तास. एकच आकडा."

"त्यात काय काय येतं?"

माझ्या डोळ्यांसमोरून चहा गेला, क्रिकेटचा स्कोअर गेला, दुपारची जेवणानंतरची डुलकी गेली, मागच्या वर्षी कार्यालयीन वेळेत मुलीच्या कॉलेजचे भरलेले सगळे फॉर्म गेले. आणि न्यू ब्रन्सविकच्या कोर्टाचा मागचा बाक गेला. "पोळी-भाजी वगैरे," असं मराठीत तोंडावर आलं होतं. इंग्रजीत मी म्हणालो, "मीटिंग, ईमेल, अभ्यास, विचार." आमचे वकील छताकडे बघत होते. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात जे हसू होतं, त्याचं त्यांनी बिल लावलं असतं तर मी दिलं असतं.

निकाल टपालाने आला. अंतर्गत विचारविनिमयाचे ३०० गेले. धाकट्या बाईंच्या परिचयाचे १८० गेले. बिलावर बोलल्याचे १५० गेले. कोर्टातल्या थांबण्याचे तीन भाग करून दोन भाग, ८२५ डॉलर, काढून टाकले. त्या 'वगैरे' ओळीतून ४५० कापले. एकूण १,९०५ डॉलर. 'थँक यू'चे ३७ डॉलर ५० सेंट त्यांनी कायम ठेवले. ईमेल आली होती आणि वाचली गेली होती, असं पंचांचं म्हणणं.

बाकी राहिलेले ५३२ डॉलर ५० सेंट भरायला मी चेकबुक काढलं.

"जिंकलास ना?" बायकोने विचारलं. "मग चेक तू का लिहितोयस?"

मी हिशोब करून दाखवला. कंत्राटदाराला दिलेले ९,०००, त्याच्याकडून परत मिळवलेले ६,०००, ते मिळवायला वकिलांना ६,५३२ डॉलर ५० सेंट, लवादाचे ५०. तिने कागद नीट पाहिला, घडी घातली आणि बेसमेंटमध्ये पाणी काढायला निघून गेली. गुडघा आता बरा आहे तिचा. तेल लागू पडलं.

चेकसोबत पत्र लिहिलं, त्यात शेवटी 'थँक यू' लिहिलं होतं. ते खोडलं.

शुक्रवार होता. संध्याकाळी पाचच्या आत टाइमशीट गेली नाही तर बिल अडकतं, म्हणून लॅपटॉप उघडला. सुनावणीच्या आठवड्याचीही भरायची राहून गेली होती, ती आधी भरली. सोमवार आठ, मंगळवार आठ, बुधवार आठ, गुरुवार आठ, शुक्रवार आठ.